मरव्याच्या दोन काड्या

कौमुदीताईंनी पेटीवर चादर टाकली, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

त्याआधी बावीस वर्षं त्यांनी इंदूच्या कीर्तनाला साथ केली. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या विठ्ठलमंदिरात मराठी बायांचं मंडळ. इंदू उभी राहून सांगणार, गाणार, आणि तिच्या डाव्या हाताला कौमुदीताई पेटीवर. गेल्या गीताजयंतीला वरच्या सुरावर इंदूचा आवाज चिरकला. कौमुदीताईंनी न विचारताच काळी पाच सोडून खालची काळी चार धरली, आणि वर बोलून गेल्या, "वय झालं बाई, आता खालूनच म्हण." माइक तोंडासमोरच होता. अख्खं मंदिर हसलं.

इंदूने आख्यान पुरं केलं, आरती केली, प्रसाद वाटला. दुसऱ्या दिवसापासून तिनं कौमुदीताईंचा फोन उचलला नाही. कीर्तनं थांबली नाहीत. ती मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर होऊ लागली. कौमुदीताईंनी तिकडे पाऊल टाकलं नाही. दर एकादशीला मात्र चार वाजले, कीर्तनाची वेळ झाली की त्यांची बोटं पोळपाटावर उगाच चालायची.

पुन्हा गीताजयंती आली तशी त्यांची नात ईरा म्हणाली, "आजी, बुके भेज दो ना। हर फूल का मतलब होता है। पीला गुलाब मतलब दोस्ती, सफ़ेद लिली मतलब माफ़ी, और जरबेरा मतलब ख़ुशी।"

"अन् देवाले कोणतं?"

"देव के लिए नहीं है आजी, इंदू आजी के लिए है।"

गोल बाजारात भैय्यालालच्या दुकानात तिघं मिळून गुच्छ जमवू लागली. पिवळे गुलाब सात, लिली तीन, मधोमध एक टपोरा लाल जरबेरा. कौमुदीताईंनी तो नाकाशी नेला. "याले तं वासच नाही रे भैय्यालाल!"

"दीदी, ये सूँघने का नहीं, देखने का है।"

त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मरव्याच्या दोन काड्या काढल्या. मरवा त्यांच्या गच्चीवरच्या कुंडीतला. बावीस वर्षं कीर्तनाच्या दिवशी इंदूचा गजरा त्याच ओवायच्या, आणि मोगरा असो की शेवंती, दर चार फुलांमागे मरवा घालायच्या. त्याच्या वासानं गळा मोकळा होतो, असं इंदूचं म्हणणं.

"ये घास काहे डाल रही हो दीदी? पूरा लुक ख़राब हो जाएगा।"

"तू घाल मुकाट्यानं."

नाव लिहायची वेळ आली तेव्हा कौमुदीताईंनी हात आखडता घेतला. "फुलंच सांगतात ना सगळं? मग चिठ्ठी कशाले?" खरं तर नाव घालून पाठवलेला गुच्छ परत आला असता, तर ते त्यांना सोसलं नसतं.

भैय्यालालने जाता जाता गुच्छ स्वतः इंदूच्या घरी पोचवला आणि दुपारी फोन केला. "दे दिया दीदी। पूछा किसने भेजा। मैंने कहा, नाम नहीं है। तो बोलीं, अच्छा, मंदिर के लिए होगा।"

ईराने कपाळावर हात मारला. चूक कळायला कौमुदीताईंना वेळ लागला नाही. आज एकादशी, त्यात कीर्तन. अशा दिवशी दारात निनावी फुलं आली तर मंडळातली कोणतीही बाई ती देवाचीच समजणार. त्यांनी स्वतःही तेच केलं असतं.

तरी चार वाजता त्या मंदिरात गेल्या आणि शेवटच्या खांबाशी बसल्या. समोर पाहिलं तर गुच्छ पार सुटला होता. पिवळे गुलाब विठ्ठलाच्या पायाशी, लिली बाजूच्या महादेवावर. जरबेरा कोणत्याच देवाला चालला नसावा. तो पाण्याच्या पेल्यात खिडकीत उभा होता. दोस्ती इकडे, माफी तिकडे. कौमुदीताईंनी हात जोडले आणि मनात म्हटलं, चला, वाया तर नाही गेलं.

इंदूने पूर्वरंग उत्तम रंगवला. वरच्या सुराजवळ आली की मात्र ती शब्द नुसते बोलून मोकळी व्हायची. मग नामाचा गजर झाला आणि रीतीप्रमाणे पुजारी हार-बुक्का घेऊन आले. पहिला हार इंदूला. दुसरा तबलजी तुळशीरामला. ताटात तिसराही हार होता.

"हा कोणाचा?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"पेटीवालीचा," इंदू म्हणाली.

"पण पेटी कुठी वाजून राहिली, बाई?"

"कपाटात आहे मंडळाची जुनी. काढा." मग तिनं शेवटच्या खांबाकडे पाहिलं. "ये कौमुदी, लोकं ताटकळले. अख्ख्या रायपुरात मरवा घालून फुलं पाठवणारी दुसरी कोणती बाई आहे, सांग बरं मले."

तेव्हा कुठे कौमुदीताईंना इंदूच्या अंबाड्यातला गजरा दिसला. शेवंतीचा होता, वेडावाकडा ओवलेला, आणि मरवा दोनच काड्यांचा, म्हणून एका बाजूलाच होता.

त्या उठल्या, गुडघा धरत पुढे गेल्या. पुजाऱ्यांनी बुक्का लावला, गळ्यात हार घातला. कपाटातून आलेल्या पेटीवरची धूळ त्यांनी पदरानंच पुसली. माइक त्यांच्या पुढ्यात आला तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी हळूच पलीकडे सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "इंदू, तेव्हा मी चुकली."

"हव. आता भाता हालव."

"काळी पाच धरू?"

इंदूने झांजा उचलल्या. "चार धर. अन् गजरा पुढच्या वेळी तूच कर, मले जमत नाही."