देवीची पाने

भामेच्या खोऱ्यातल्या ठाकरवाडीवर वणवा उतरला, तेव्हा वाडीत तरणा पुरुष औषधालाही नव्हता. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता आणि सगळे तिकडे माती वाहायला गेले होते. मागे उरले होते म्हातारे, बायका, आणि हिरडा घ्यायला चाकणहून बैलगाडी जुंपून आलेला अकबर.

चिमाजी भगत देवराईच्या तोंडाशी उभा होता. वरचा माळ भडकला होता. गवताच्या गंजी एकामागून एक पेटत होत्या, आणि त्याची स्वतःची झोपडी त्याच्या डोळ्यांदेखत खाली बसली होती. त्याने तिकडे पाठ फिरवली. झोपडी पुन्हा उभी राहते. पण राईत वाडीचा एकुलता एक झरा होता. झाडे गेली की झरा जाणार, आणि झऱ्यामागून वाडी.

राईतले वाळके पानसुद्धा बाहेर न्यायचे नाही, अशी देवीची आण होती. पिढ्यान्‌पिढ्यांचा पाचोळा तिथे गुडघाभर साचला होता. ज्या नेमाने राई राखली, तोच आता तिचे सरण रचून बसला होता.

“बाबा, काठचा पाचोळा भरू या. माझी गाडी रिकामी हाय,” अकबर म्हणाला.

“न्हाई. देवीचं भाईर जायाचं न्हाई.”

“आन् देवीच जळाली म्हंजे? नेम काय कोळशाला सांगनार?”

चिमाजीने राईकडे तोंड करून हात जोडले. आपण देवीला कौल मागतो आहोत की क्षमा, हे त्याला उमजत नव्हते. धूर डोळ्यांत झोंबू लागला.

तेवढ्यात त्याची सून शालन पळत आली. हातात शिंदीची केरसुणी, मागे वाडीतल्या साऱ्या बायका.

“मामंजी, भाईर न्यायाचं न्हाई, व्हय ना?”

“न्हाई.”

“मंग आत लोटलं तर? आत लोटाया देवी कवा नको म्हनली?”

चिमाजी तिच्याकडे पाहतच राहिला. इतकी वर्षे त्याने तो नेम उच्चारला होता. ऐकला होता तो हिने. त्याने डोईचे फडके सोडून कमरेला बांधले.

“लोटा,” तो म्हणाला.

बायका वाकल्या त्या वाकल्याच. घराचे अंगण झाडावे तशा त्या देवीचा काठ झाडत गेल्या, आणि पाचोळ्याखालची काळी, ओलसर माती प्रथमच उजेडात आली. अकबरने वहाणा काढल्या आणि झऱ्यात भिजवलेली गोणपाटे घेऊन तो उडत्या ठिणग्यांमागे धावू लागला. वणवा त्या उघड्या मातीपर्यंत आला, तिथे जिभल्या चाटीत राहिला, आणि खायला काही न मिळाल्याने दोन्ही अंगांनी ओढ्याकडे उतरून विझला.

सांजेला डोंगर काळाठिक्कर पडला होता. निम्मी वाडी राखेत होती. मध्ये राई तेवढी हिरवी उभी, आणि पाणी भरायला बायकांची रांग लागलेली. कुणी रडत होती, तरी कळशी भरत होती.

अकबरची गाडी उताराला लागली, थांबली. तो चालत परत आला. सदऱ्याच्या मुडपलेल्या बाहीतून त्याने एक वाळके पान काढले.

“हे तुमच्या देवीचं, बाबा. गुपचूप माझ्यासंगं चाकणला निघालं हुतं.”

चिमाजीने ते ओंजळीत घेतले. झाडलेली माती ओलांडून तो आत गेला आणि इतर पानांवर त्याने ते अलगद ठेवले. मग तो आपल्या राखेकडे वळला.