लाल चेहऱ्यांचा गुरुवार

असोद्याच्या शिवारात, जळगावच्या रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी सकाळी तीन-चारशे माणसं उपाशीपोटी लाल व्हायला जमत. एरवी तिथे केळीचे क्रेट रचलेले असत. गुरुवारी क्रेट बाहेर जात आणि गाद्या, भोंगा आणि तेजसनाथ महाराज आत येत. महाराजांचे सेवक प्रत्येकाच्या तळहातावर पांढऱ्या भुकटीची पुडी ठेवत. तिला 'अंगार' म्हणायचं. पुडी पाण्यासोबत घ्यायची आणि डोळे मिटून नाव घेत बसायचं.

पंधरा-वीस मिनिटांत चमत्कार सुरू होई. आधी कान, मग गाल, मग मान, छाती. वैशाखाच्या उन्हात दिवसभर उभं केल्यासारखी माणसं लालबुंद होत. अंग चुणचुणे, खाज सुटे, बाया रडू लागत.

"खाज सुटली? सुटू द्या!" महाराज भोंग्यावर गरजत. "ती खाज नाही, रक्तातली चरबी कातडीतून पळतेय! डॉक्टर लोक मांडीतून नळी घालतात, मी कानातून नाव घालतो. त्यांच्याकडे भूल मिळते, माझ्याकडे शुद्ध येते!"

धुळ्याहून आलेला एक ट्रकमालक दोन्ही हात वर करून ओरडला, "मना बठ्ठा आजार गया, महाराज!" आणि सगळा आजार गेल्याच्या या अहिराणी आरोळीवर शेड टाळ्यांनी दणाणली.

कडेला सुलक्षणा उभी होती. ती जळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट छापायचा, हे तिचं अकरा वर्षांचं काम. असल्या जागी ती कधी फिरकली नसती, पण सुकदेव नानांनी हट्टच धरला होता. नाना तिचे काका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तिचे वडील गेल्यावर त्यांनीच तिला शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला होता. कोलेस्टेरॉल तरी वर जायचंच, आणि रोजच्या गोळ्यांना ते विटले होते.

नानांनी पुडी घेतली, डोळे मिटले. वीस मिनिटं गेली, तीस गेली. आजूबाजूची सगळी रांग लाल झाली आणि नाना मात्र तसेच सावळे, कोरडे.

महाराज त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "आबा, गोळ्या कोणत्या घेता?"

नानांनी खिशातून पाकिटं काढली. महाराजांनी ती एकेक उलटून पाहिली आणि त्यातली एक अचूक उचलली. "हीच! ही विलायती गोळी दारात पहारा करते, देवाला आत येऊ देत नाही. ही सोडा. पुढच्या गुरुवारी बघा."

"महाराज, ती रक्त पातळ ठेवायची गोळी आहे," सुलक्षणा पुढे झाली. "स्टेंट आहे त्यांना."

"ताई, तुम्ही रक्त बाटलीत पाहता, मी माणसात पाहतो." लोक हसले. नानांचे कान आता लाल झाले, पण ते लाजेने.

घरी येताना ती मोटारसायकलवरून ओरडून सांगत राहिली, गोळी सोडायची नाही म्हणून. मागे बसलेले नाना एवढंच म्हणाले, "सुली, चारचौघात मीच एक पापी निघालो. मले बरं वाटलं असंल का?"

पुढच्या गुरुवारी नाना लाल झाले आणि बाकीच्यांसारख्या रोज घ्यायच्या पुड्या घरी घेऊन आले. त्यांनी मुद्दाम लॅबमध्ये फोन केला. "झालो बरं का पोरी! पायापासून डोक्यापर्यंत!" त्यांचा आवाज इतका मोकळा होता की सुलक्षणाला रागावताच आलं नाही. गोळी सोडली का, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाही वं, चालू हाये." तिने खरं मानलं. तिला खरं मानायचं होतं.

दीड महिन्याने नाना तिच्याकडेच रक्त द्यायला आले. कोलेस्टेरॉल दोनशे अडतीसवरून एकशे एकाहत्तरवर आलं होतं. सुलक्षणाने नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. तिने रिपोर्ट छापला आणि सही केली. मशीन खोटं बोलत नाही, हे ती शेकडो लोकांना सांगत आली होती.

चार दिवसांत तो रिपोर्ट शेडबाहेरच्या फ्लेक्सवर होता, लॅबच्या शिक्क्यासकट. लॅबमध्ये अंगारवाल्यांची रीघ लागली. सुलक्षणाने लॅबच्या मालकांना सांगून फ्लेक्सवरून लॅबचं नाव काढायला लावायला हवं होतं. ती गप्प राहिली. आकडा तर खरा होता, मग भांडायचं कशावरून?

वीस दिवसांनी सुकदेव नाना सकाळी चहा घेता घेता छातीवर हात दाबून कोसळले. गाडी येईपर्यंत संपले होते. तेराव्याला महाराज स्वतः आले. "शुद्ध होऊन गेला जीव," म्हणाले. "आमच्यासारख्यांच्या नशिबात असं मरण नाही." नानांच्या बायकोने, प्रमिलाकाकूंनी, महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं आणि नानांच्या नावाने रोज दोन पुड्या घ्यायचा नेम धरला.

महिना उलटला. काकूंना अन्न जाईना, मळमळ सुटेना. सुलक्षणा असोद्याला जाऊन त्यांचं रक्त घेऊन आली. रक्तातला द्रव वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज थांबल्यावर तिने ट्यूब उजेडाकडे धरली. वर तरंगणारा द्रव फिकट पिवळा असायला हवा. हा मोहरीच्या तेलासारखा गडद होता. तिने यकृताच्या चाचण्या लावल्या. आकडे कैक पटींनी वाढलेले होते. मग तिने अंगारवाल्यांचे जुने रिपोर्ट काढले. कोलेस्टेरॉल सगळ्यांचं उतरलं होतं. पण ज्या थोड्यांनी तेही तपासलं होतं, त्यांत कुणाची साखर चढली होती, कुणाचं युरिक ॲसिड. यकृताची चाचणी कुणीच मागितली नव्हती, म्हणून कुणाचीच झाली नव्हती.

काकूंना दवाखान्यात भरती करून तिने डॉक्टर विधी जैन यांना गाठलं. विधी मॅडम हृदयरोगतज्ज्ञ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी फक्त प्रश्न विचारले.

"पुडी घेतल्यावर किती वेळाने लाल होतात?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"रोज घेणाऱ्यांची लाली काही दिवसांनी कमी होते?"

"हो. महाराज म्हणतात, शुद्ध झाले."

"नायसिन," विधी म्हणाल्या. "ब गटातलं जीवनसत्त्व. जास्त मात्रेत घेतलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम फुलतात. तीच तुमची लाली, तीच खाज. सवय झाली की ओसरते. कोलेस्टेरॉल यानं खरंच उतरतं. पूर्वी डॉक्टर देतही होते, दर थोड्या दिवसांनी यकृत आणि साखर तपासत. पुढे हजारो रुग्णांवर अभ्यास झाले. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीसोबत नायसिन जोडलं तर आकडा सुधारला, पण हृदयाचे झटके काही कमी झाले नाहीत. त्रास मात्र वाढले. म्हणून आम्ही ते जवळपास सोडून दिलं."

"पण मॅडम, माझे नाना पहिल्या दिवशी लाल झाले नाहीत. महाराजांनी एक गोळी सोडायला लावली, तेव्हा झाले."

विधींनी पेन खाली ठेवलं. "ॲस्पिरिन?"

सुलक्षणाने मान डोलावली.

"ॲस्पिरिनने ही लाली पुष्कळांची दबते. तुमच्या महाराजांना ते ठाऊक आहे. त्याचा खेळ चालावा म्हणून त्यानं स्टेंटवाल्या माणसाची ॲस्पिरिन बंद केली." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "त्यामुळेच ते गेले, असं मला कागदावर लिहून देता येणार नाही. पण ती गोळी कशासाठी होती, हे तुम्हाला सांगायला नको."

सुलक्षणा जिना उतरून खाली आली आणि पार्किंगमध्ये गाडीला धरून उभी राहिली. रडू आलं नाही. स्वतःचा मात्र राग आला, किळस वाटली. गोळी चालू आहे का, हे तिने फोनवर एकदा विचारलं होतं. पाकीट उघडून गोळ्या मोजल्या नव्हत्या.

पुढच्या गुरुवारी सुलक्षणा आणि विधी शेडमध्ये शिरल्या. सरपंच अभिमन पाटील पुढे बसले होते. शेड त्यांचीच, पण अंगार त्यांनी स्वतः कधी घेतला नव्हता. शरीर निरोगी आहे म्हणत. सुलक्षणाने थेट त्यांनाच विचारलं, "भाऊ, महाराजांशिवाय, मंत्राशिवाय मी तुम्हाला लाल करून दाखवलं तर?"

"करून दाखव," अभिमन छाती काढून म्हणाले.

विधींनी त्यांना आजार, औषधं विचारली, रक्तदाब मोजला, मगच हो म्हटलं. मेडिकलमधून आणलेल्या नायसिनच्या बाटलीतली एकेक गोळी अभिमन आणि सुलक्षणा दोघांनी सगळ्यांसमोर घेतली. सुलक्षणाने अर्ध्या तासापूर्वी एक ॲस्पिरिन घेतली होती. ते तिने भोंग्यावर आधीच सांगून टाकलं. महाराज हसत होते. "देवाची परीक्षा गोळीने!"

अठराव्या मिनिटाला अभिमनभाऊंचे कान पेटले. पंचविसाव्याला त्यांचा चेहरा, मान, दंड, सगळं शेंदरी झालं आणि ते कुर्त्याची बटणं सोडून खाजवू लागले. सुलक्षणाच्या गालांवर जेमतेम गुलाबी छटा होती.

"मंत्र कुणी म्हटला?" तिने विचारलं. "कुणीच नाही. एकच गोळी दोघांनी घेतली. अभिमनभाऊ पुण्यवान आणि मी पापी, असं आहे का? मी फक्त ॲस्पिरिन घेतली होती. माझ्या नानांनीही घेतली होती, म्हणून ते या शेडमध्ये लाल झाले नाहीत. ह्या माणसाला ते माहीत होतं. गोळी त्यानं पाकिटातून स्वतः निवडली."

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. मग मागून एक बाई उठली, हातात रिपोर्ट धरून. "पण माह्यं कोलेस्टेरॉल तं उतरलं ना? तुह्याच सहीचा कागद हाये."

हाच प्रश्न सुलक्षणाला टाळायचा होता. "खरं आहे मावशी. आकडा उतरला, कागद खरा आहे. पण मशीनला जेवढं विचारलं तेवढंच ते सांगतं. तुमच्या यकृताचं कुणी विचारलं नाही, साखरेचं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. खरा कागद दाखवून तुम्हाला फसवलं, आणि तो कागद मी छापला."

महाराज तोवर मागच्या दाराने गाडीपर्यंत पोचले होते. धुळ्याजवळ पोलिसांनी धरलं. तिथे तो आधी व्यायामशाळांना भुकट्या विकायचा, एवढं कळलं. त्याच्या गोदामात कोंबडीखाद्यात मिसळायच्या नायसिनचे ड्रम मिळाले. जामीनही लवकर मिळाला. असोद्यात अजून निम्मी माणसं म्हणतात, अंगार खरा होता, डॉक्टरांनी धंद्यासाठी बंद पाडला.

प्रमिलाकाकू वाचल्या. अंगार थांबल्यावर यकृत हळूहळू सावरलं. दवाखान्यातून सुटायच्या दिवशी त्यांनी सुलक्षणाचा हात धरला. "एक विचारते, खोटं बोलू नको. ते गोळी सोडाले तयार नव्हते वं. तुले घाबरत होते. रोज सकाळी ती गोळी मीच त्यांच्या नकळत काढून ठेवत होती, बाकीच्या तेवढ्या देत होती. त्याच्यानंच गेले का?"

सुलक्षणाला नाही म्हणता आलं असतं. काकूंनी उरलेलं आयुष्य शांतपणे काढलं असतं. "काकू, नक्की कुणालाच सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण ती गोळी त्यांच्या हृदयासाठी होती. सोडायला नको होती."

काकूंनी तिचा हात सोडला आणि पिशवी भरायला घेतली. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी अभिमनला निरोप धाडला, ग्रामसभा बोलाव म्हणून. आयुष्यात कधी चार माणसांसमोर न बोललेली ती बाई त्या सभेत उभी राहिली, पिवळेपणा अजून डोळ्यांत होता.

"बायांनो, मले शिकाले भेटलं नाही," त्या म्हणाल्या. "पण विचाराले शिक्षण लागत नाही. पुडीत काय हाये, एवढं मी त्याले विचारलं असतं, तं तो सांगू शकला नसता. गोळी बंद करू का, एवढं डॉक्टरले विचारलं असतं, तं माह्यं माणूस कदाचित आज असतं. मी विचारलं नाही. मले वाटलं, विचारणं म्हणजे पाप. तुम्ही विचारा. महाराजाले विचारा, डॉक्टरले विचारा, ह्या सुलीलेही विचारा. जो विचारलं म्हणून रागावतो, त्याच्या हातचं काहीच तोंडात घालू नका."