‘खर्ज’ बँडचा माइक

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपलेली आहे आणि अंगावरचा काळा रंग मुठीच्या जागी उडालेला आहे. मी एक जुना माइक. काशीच्या दुर्गाघाटावर, जिथे गल्लीत समोरून कुणी आले की आपल्याला भिंतीला टेकावे लागते, तिथल्या एका तळमजल्याच्या खोलीत माझे आयुष्य गेले.

दूरच्या एका कारखान्यात माझ्या पोटात पातळ पडदा, तारेचे वेटोळे आणि चुंबक बसवले गेले. आवाज आला की माझा पडदा थरथरतो. मला येते ते एवढेच. खोक्यात पडल्या पडल्या मी स्वप्ने पाहत होतो की आपण एखाद्या गोड गळ्याच्या गायिकेकडे जाणार.

मी गेलो बकुळकडे. बकुळ दिवसा शाळेत भूगोल शिकवी आणि संध्याकाळी ‘खर्ज’ नावाच्या बँडमध्ये गाई. खर्ज म्हणजे गळ्यातला अगदी खालचा सूर. पण तिचे गाणे कसले! मला दोन्ही मुठींत धरून ती पोटातून असे गुरगुरे की पहिल्याच दिवशी माझा पडदा फाटतो की काय, असे मला वाटले. या संगीताला डेथ मेटल म्हणतात, हे मला मागाहून कळले. सुश्रुत गिटार वाजवी आणि चाली बांधी. अनिश रामनगरहून पूल ओलांडून येई आणि ड्रम वाजवी. त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘गाळ’. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहतो, तो गाळ. सगळी गाणी वेगवान आणि रागीट होती. त्याच जोशात एकदा मी बकुळच्या हातून निसटलो आणि माझी जाळी चेपली. दुखले, पण मला त्याचा अभिमानही वाटला.

वरच्या मजल्यावर बकुळची आई, मृणालिनीबाई, राहत. लेकीला काहीतरी होते आहे असे वाटून त्या जिना उतरून येत, घसा दुखत नाही ना म्हणून विचारत आणि हळद घातलेले दूध ठेवून जात. एकदा त्या दारातच थांबल्या.

“बकुळ, एकदा माझ्यासाठी सीधं-साधं गाशील का गं?”

बकुळ हसली. पुढच्या अल्बममध्ये नक्की, असे तिने सांगितले.

पुढचा अल्बम आला ‘उत्तरवाहिनी’. काशीत गंगा वळून उत्तरेकडे वाहते, तशी त्यांची गाणीही वळली. ती लांब झाली. सात मात्रांची चाल मध्येच अकरांची होई, ड्रम थांबत आणि गिटार एकटीच हळुवार बोलत राही. बकुळ गप्प राहायला शिकली, आणि गप्प राहून पुन्हा गुरगुरली की अंगावर काटा येई. दूरदूरच्या शहरांतून बोलावणी आली. लोक माझ्यासोबतही फोटो काढत. पण आईसाठीचे गाणे त्यातही राहूनच गेले.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी मात्र बकुळने ठरवले की या वेळी गुरगुरायचेच नाही. सुश्रुत नाराज झाला. आपले ऐकणारे सोडून जातील, असे त्याचे म्हणणे. बकुळने ऐकले नाही. त्या नाजूक गायनासाठी नवा, चकचकीत माइक आला आणि मला कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवले गेले. पावसाळ्यात पेटीत ओल शिरली. माझ्या जाळीवर गंज चढला. अंधारात पडून मी तिचा नवा आवाज ऐकत असे. फार गोड होता तो. मला हेवा वाटे, आणि आपले काम संपले असेही वाटे.

हा तिसरा अल्बम ‘संथ’ तयार झाला त्या दुपारी बकुळने आईला हात धरून खाली आणले. स्पीकर लावला. गाणे सुरू झाले, वाढत गेले आणि संपले. मग मृणालिनीबाईंचा आवाज आला.

“लावलंस का गं?”

त्यांना हल्ली कमी ऐकू येते, हे घरात माहीत होते. किती कमी, हे त्यांनी कुणाला कळू दिले नव्हते. त्या ओठांकडे बघून उत्तरे देत आल्या होत्या. बकुळ रडू लागली. अनिशला काय सुचले कोण जाणे, त्याने उठून ‘गाळ’मधले पहिले गाणे लावले.

“ही तर बकुळ,” आई म्हणाल्या.

“काकी को सुनाई दे रहा है,” अनिश हळूच म्हणाला.

मागाहून डॉक्टरांनी समजावले की कानाची नस दुबळी झाली की बारीक, उंच स्वर आधी जातात. जाड स्वर त्यामानाने टिकतात.

‘संथ’ ऐकवला त्याच संध्याकाळी माझी पेटी उघडली. बकुळने जाळी फिरवून काढली, दात घासायच्या जुन्या ब्रशने गंज खरवडला आणि मला पंख्याखाली सुकवले. मग तिने मला मुठींत घेतले. या वेळी मुठी सैल होत्या. तिने खर्जातच, पण अगदी सावकाश म्हटले, “आई, मी आहे.” इतक्या वर्षांत तो आवाज न रागावलेला असा मी प्रथमच ऐकला. आईंनी मान हलवली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

त्यातूनच चौथा अल्बम झाला, ‘कानोसा’. सुश्रुतने संथ चाली बांधल्या. गोड गाणे नव्या माइकने टिपले, खालचे गुरगुरणे मी. बँड मागे गेला, असे काहींनी लिहिले. पुढे गेला, असे काहींनी. मृणालिनीबाई स्पीकरवर तळवा ठेवून पूर्ण अल्बम ऐकत बसल्या. संपल्यावर त्यांनी एकच मागणे केले.

“घरातही माझ्याशी तसंच बोलत जा.”

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे, पण कोरड्या कापडात गुंडाळलेला असतो आणि वरचेवर पुसला जातो. तुमच्याकडच्या जुन्या वस्तूंनाही ओलीत टाकून विसरू नका. आणि घरातले कुणी पुन्हापुन्हा “काय?” विचारू लागले, तर चिडू नका. त्यांना कोणता आवाज ऐकू येतो, तो शोधा आणि आजच शोधा. आमच्याकडे संध्याकाळी जिन्यावरून डेथ मेटलचा भयंकर आवाज येतो. गल्लीतले नवे लोक दचकून वर बघतात.

तो आवाज विचारत असतो, “आई, भात वाढू का?”