हिरव्या रंगाखाली

इमोजीनबाईंच्या रंगाच्या दुकानात ओलेथा ग्रायर शिरली तेव्हा तिच्या हातात कोलार्डच्या भाजीचं एक पान होतं, सकाळीच परसातून खुडलेलं. तिनं ते काउंटरवर पालथं ठेवलं.

"हा रंग हवा. पानाच्या वरचा नाही, खालचा. धुरकट हिरवा."

"भाजीचा रंग गाडीला?" मागून थॅडियस हसला. हा तिचा चुलतभाऊ. बोलवा न बोलवा, बडबडीला हजर आणि कामाच्या वेळी गायब.

"डॅडींनी सांगितलंय. गाडी नवी होती तेव्हा अशीच होती."

इमोजीनबाईंनी चष्मा नाकावर ओढून पान उजेडात धरलं. बाईंचं आयुष्य रंग कालवण्यात गेलेलं. "हिरवा देते गं, त्यात काही अवघड नाही. तू मला आधी हे सांग, त्याच्या खाली काय लावणार आहेस?"

शाळेची बस चालवून ओलेथा निवृत्त झाली होती. त्या जुन्या पिकअप ट्रकचं इंजिन तिनं स्वतः खोलून पुन्हा बसवलं होतं, ब्रेक नवे केले होते. पण रंगकामात तिची पाटी कोरी होती. एवढं मात्र तिनं मनाशी घट्ट बांधलं होतं, की ऑगस्टातल्या होमकमिंगच्या रविवारी डॅडी चर्चला जातील ते याच ट्रकमधून.

होमकमिंग म्हणजे माउंट नेबो चर्चचं माहेरपण. शिकागो, डेट्रॉइट, कुठे कुठे पांगलेली लेकरं त्या दिवशी अलाबामाच्या या लाल मातीत परत येतात, झाडाखाली पंगती बसतात. आणि त्या दिवसाचं पहिलं भजन सोडतात ते ओलेथाचे वडील, चर्चच्या कारभारातले वडीलधारे, डीकन होझिया ग्रायर. ते एकटे ओळ म्हणतात, मग सारं चर्च ती ओळ लांबवत, हेलकावत उचलून घेतं. पूर्वी हाच ट्रक घेऊन ते रस्त्यानं पायी निघालेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळा करत चर्चला जायचे. मग ट्रक बंद पडला, काचबिंदूनं त्यांची नजर गेली, आणि दर वर्षी कुणाच्या तरी गाडीत पाहुण्यासारखं बसून जायची पाळी आली. मागच्या होमकमिंगला ते एवढंच म्हणाले होते, "एकदा माझ्या गाडीतून जायचंय गं, लीथा." दुसरं काही त्यांनी जन्मात मागितलं नव्हतं.

इमोजीनबाईंनी तीन डबे मांडले. "हा फवारणीचा स्वस्त प्रायमर. लावायला सोपा, पण स्पंजासारखा पाणी पितो. आपल्या हवेत दोन पावसाळी महिन्यांत खालून गंज फुगून येईल. हा दुसरा आम्लाचा, लोखंडाला चावून बसतो. पण बाकीच्या रंगांशी त्याचं फारसं जमत नाही. आणि हा इपॉक्सी. दोन डब्यांतलं कालवून मारायचा. पाणी आत शिरू देत नाही. तुझ्या नातवंडांना पुरेल."

"मग हाच."

"थांब. याचे नखरे आहेत. लोखंड अगदी उघडं हवं, कोरडं हवं, आणि तेलकटपणाचा अंश नको. बोटाचा ठसासुद्धा चालायचा नाही."

"सुनेला पारखावं तसं पारखून घेतोय की हा," थॅडियस म्हणाला.

"तुला कुणी पारखून घेतलं नाही, म्हणून तर तू असा आहेस," ओलेथा म्हणाली, आणि इपॉक्सीचे डबे उचलून निघाली.

मग घरामागच्या शेडमध्ये घासणं सुरू झालं. जुन्या रंगाचे पापुद्रे निघाले, त्याखालचा जुना लाल प्रायमर निघाला, लालखालचा गंज निघाला. ओलेथाचे खांदे भरून आले, नाकातोंडात धूळ गेली. पण शुक्रवारी दिवस कलायच्या आत सगळा ट्रक चांदीच्या ताटासारखा उघडा झाला. तिनं तो तेलकटपणा काढणाऱ्या थिनरनं पुसून काढला आणि पाठ टेकायला घरात गेली.

शनिवारी सकाळी मास्क चढवून तिनं प्रायमर मारला. पहिला हात कसा सायीसारखा बसला! ती दोन पावलं मागे सरकली आणि बघते तर काय, बॉनेटच्या मधोमध रंग जागा सोडून पळतोय. अळूच्या पानावरचं पाणी आकसावं तसा तो आकसला, आणि खाली तळहाताएवढ्या जागेत खड्डेच खड्डे पडले. डाव्या दारावर तेच. उजव्या दारावर तेच. पुढच्या दोन्ही मडगार्डांवरही एकेक. बाकी सगळीकडे प्रायमर आरशासारखा.

"एवढंच ना?" थॅडियस म्हणाला. "वर हिरवा चढला की कुणाला दिसणार आहे?"

"डॅडींना."

"काकांना तर काहीच दिसत नाही!"

"म्हणूनच. चर्चमधली सगळी माणसं चकाकी बघतील रे. ते हात फिरवून बघतील."

"अगं, होमकमिंग तोंडावर आलंय. आता पुन्हा घासत बसलीस तर ट्रक पुरा होणार नाही."

"खड्डे झाकून नेण्यापेक्षा ट्रक घरी राहिलेला बरा," असं म्हणून तिनं फवाऱ्याची बंदूक धुवायला घेतली. पण चूक कुठे झाली तेच तिला उमगेना. कारण न कळता पुन्हा घासलं, तर पुन्हा तेच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी ग्रायरांच्या घरी हत्याराला हात लागत नाही. ओलेथा डॅडींना घेऊन चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसली खरी, पण डोळ्यांपुढे त्या पाच जागांवरचे खड्डे.

चर्चचे पाळक रेव्हरंड एलकाना उभे राहिले. त्यांनी इसहाकाची गोष्ट काढली: बापानं खणलेल्या विहिरी वैऱ्यांनी मातीनं बुजवल्या होत्या, त्या पोरानं पुन्हा उपसल्या. आधी किती तरी वेळ ते साधं बोलत राहिले, शेजाऱ्याशी बोलावं तसं. घाई नाही. मग एका वाक्याच्या शेवटाला हळूच सूर लागला, पुढच्या वाक्यानं तो धरला, ऑर्गननं खालून हात दिला, आणि बघता बघता रेव्हरंड गाऊ लागले. "खण, इसहाका!" बाकांवरून हुंकार उठला, "खण!" डॅडींची काठी जमिनीवर ठेका धरू लागली. ओलेथाचे खड्डे कुठल्या कुठे गेले. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि डोळे भरून आले. गात केलेलं प्रवचन माणसाला असं धरतं, की त्या वेळात आपलं ओझं आपल्याजवळ नसतंच.

मग प्रार्थनेची वेळ झाली. एक आजारी बाई पुढे आली. रेव्हरंडनी छोट्या बाटलीतलं, प्रार्थना करून पवित्र केलेलं ऑलिव्ह तेल अंगठ्यावर घेतलं आणि तिच्या कपाळावर क्रूस ओढला. एक उभी रेघ, एक आडवी.

ओलेथा ताठ बसली. बॉनेटवरचे खड्डे असेच पडले होते. एक उभी ओळ, एक आडवी.

घरी परतताना तिनं आपली रोजची गाडी चालवता चालवता विचारलं, "डॅडी, शुक्रवारी संध्याकाळी शेडमध्ये गेला होतात?"

"गेलो असेन."

"हातात काय होतं?"

"काठी."

"आणि दुसऱ्या हातात?"

दिसत नसतानाही म्हाताऱ्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. "तेल होतं. घराच्या चौकटीला लावतो, बाळाच्या पाळण्याला लावतो. मग त्या गाडीनं काय घोडं मारलंय?"

ओलेथाला असं हसू फुटलं, की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. "अहो डॅडी, सगळ्या जगाची नजर चुकवून तुम्ही अंधारात नेमकं माझ्या लोखंडाला तेल लावलंत!"

"मला काय अंधार नि उजेड," म्हातारा म्हणाला, पण त्याच्या ओठांवर हसू नव्हतं. "मग आता काय करणार?"

"त्या पाच जागा लोखंडापर्यंत घासणार. आणि तेल पुसून काढणार."

"म्हणजे देवाच्या नावानं लावलेलं तेल तू थिनरनं पुसणार?"

ओलेथाचं हसू जागीच विरलं. ती चर्चमध्येच वाढलेली. त्या तेलाची किंमत तिला कुणी शिकवायला नको होती. पण ती डगमगली नाही. "पुसणार, डॅडी. तेल खाली राहिलं तर वरचं सगळं सुटून येईल. देवाच्या नावाखाली मी कच्चं काम करणार नाही."

जेवणात तळलेली कोंबडी होती, तिला डॅडींनी नावाला हात लावला. ओलेथा भांडी विसळत राहिली. ठरवलेलं मात्र तिनं बदललं नाही.

बऱ्याच वेळानं व्हरांड्यातून हाक आली. "लीथा, गाडी आपल्या मनानं कुठे जाते का?"

"नाही."

"मग तिला नेतं कोण?"

"मी."

"असं होय! म्हणजे मी तेल लावायची जागाच चुकलो की. ये इकडे. वाक."

ती गुडघ्यांवर बसली. डॅडींनी चाचपडत तिचं कपाळ शोधलं आणि अंगठ्यानं क्रूस ओढला. रेघ सरळ आली.

"आता पूस खुशाल. आणि काम करताना कपाळाला फडकं बांध, नाहीतर माझं तेल घामाबरोबर पुन्हा तुझ्या कामात कडमडायला यायचं."

सोमवारपासून ती कामाला भिडली. थॅडियसला पळू न देता तिनं त्याच्या हातात फडकी दिली: एक थिनरमध्ये भिजवून पुसायचं, दुसऱ्या कोरड्यानं लगेच टिपायचं, मळलेलं पुन्हा वापरायचं नाही. पाचही जागा घासून उघड्या झाल्या, पुसल्या गेल्या. प्रायमर पुन्हा चढला, आणि या वेळी तो कुठेही हलला नाही. त्यावर हिरवा आला, पानाच्या खालच्या बाजूसारखा धुरकट.

पण गेलेले दिवस भरून निघाले नाहीत. पुढचा भाग हिरवा झाला आणि मागचा हौदा राखाडी प्रायमरमध्येच राहिला.

"रात्रीतून मारून टाकू," थॅडियस म्हणाला. "अर्धी गाडी घेऊन लोकांत जाणार का?"

"अर्धी रंगवलेली आहे. पक्की मात्र पुरी आहे. जाणार."

होमकमिंगच्या सकाळी डीकन होझिया पांढरा सदरा, काळा कोट घालून अंगणात आले. आत बसायच्या आधी त्यांनी काठी लेकीकडे दिली आणि दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले. हात सावकाश पुढे सरकले. मधोमध ते थांबले. तिथेच त्यांनी तेल लावलं होतं. बोटं मागे-पुढे झाली आणि काहीच न लागल्यानं पुढे गेली. मडगार्ड, दार, मग हौदा.

"इथलं वेगळं लागतंय."

"तिथे नुसता प्रायमर आहे, डॅडी. हिरवा पुढच्या आठवड्यात."

"खाली काही झाकलंयस?"

"काही नाही."

"मग दार उघड. उशीर होतोय."

ट्रक लाल रस्त्याला लागला. पहिल्या वळणाच्या आतच म्हाताऱ्यानं भजनाची ओळ सोडली, आणि स्टीयरिंगवरचे हात न हलवता ओलेथानं ती उचलून घेतली, लांबवत, हेलकावत, चर्चचा कळस दिसेपर्यंत.