आडनावावरून घर ओळखणारा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निघालेला अहवाल योग्य इमारतीकडे धाडणे, हे माझे काम होते. आता मी तळघरातल्या कपाटात धूळ खात पडलो आहे.

माझ्या काळी संगणकांच्या आकडी पत्त्यांचे वर्ग ठरलेले असत. पहिला आकडा पाहिला, की पत्ता कोणत्या घराण्याचा हे मी आपले आपण ठरवून मोकळा होई. आडनाव कळले की पुरे. एकाच आडनावाची दोन घरे असू शकतात, हे मला कुणी शिकवलेच नव्हते. मला बसवणारे तारवाले काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बारा वर्षं झाली, एकदाही चुकला नाही पठ्ठ्या!" नव्या राउटरचा विषय निघाला की ते उडवून लावत.

मग रस्त्यापलीकडे नवा वॉर्ड उभा राहिला. पत्ते अपुरे पडू लागले, म्हणून जुन्या इमारतीच्याच घराण्याची वाटणी करून काही पत्ते त्याला दिले. दोन्हीकडचे राउटर माझ्याच पठडीतले. दोघेही मला सांगू लागले, "हे सारे घराणे माझ्याकडेच." वाटणी कुठे झाली हे सांगणारा आकडा, म्हणजे मास्क, आम्ही एकमेकांना कधी कळवतच नसू. मी दोघांवरही विश्वास ठेवला आणि अहवालाचा एक तुकडा इकडे, एक तिकडे पाठवू लागलो.

त्याच दिवशी काकांची थोरली बहीण, अक्का, नव्या वॉर्डात दाखल झाली. तिच्या रक्ताच्या अहवालावाचून डॉक्टरांचे अडले होते.

"अहो, केव्हाच पाठवलाय!" प्रयोगशाळेतल्या ताई फोनवर म्हणाल्या. आकडे तोंडी सांगायचे नाहीत, असा तिथला नियम होता.

"इथे काही धड उघडतच नाहीये," पलीकडून नर्स म्हणाली.

काकांनी नव्या वॉर्डाकडे चाचणीचे संदेश धाडून पाहिले. निम्मी उत्तरे येत होती, निम्मी नाही. "तार ढिली असणार. हा चुकायचा नाही," म्हणत ते टेबलाखाली शिरले आणि एकेक तार बदलत बसले. शेवटी ताई कागद घेऊन रस्ता ओलांडून धावल्या. तोवर अक्काचे हृदय थांबले होते.

काही दिवसांनी काकांनीच माझी तार काढली. माझ्या जागी आलेला राउटर प्रत्येक पत्त्याबरोबर त्याचा मास्कही विचारतो, नुसत्या वर्गावरून तर्क करत नाही. काका माझ्यावर रागावले नाहीत. मला पुसून कपाटात ठेवताना एवढेच म्हणाले, "तुझी काय चूक रे? मीच तुझं फार कौतुक केलं."

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी मात्र हात जोडून वेगळेच सांगतो. आमच्यावर माया करा, पण आम्हाला वेळेवर निवृत्त करा. काकांनी मला एक महिना आधी इथे आणून ठेवले असते, तर मी याच कपाटात अशीच धूळ खात पडलो असतो, आणि अक्का घरी असती.