मानाचा नारळ

अमृतचं काही चुकलं की घरातली सगळी त्यावर पांघरूण घालत्यात. म्या घालणार न्हाई. नातू असला म्हणून काय झालं? जत्रेच्या नाटकात गोऱ्या सायबाचं काम मिळालं तवापासून त्याला भाकरी खायलाबी चमचा लागायचा! त्येबी म्या चालवून घेतलं. पन अरिबाच्या बाबतीत केलं ते न्हाई.

अरिबा भोरच्या जमीलाची लेक. यानंच त्यांच्या दारी चपला झिजवल्या. "मावशी, तुमच्या अरिबाशिवाय ही गाणी कुणाला झेपायची न्हाईत." पोरीनं चाली बांधल्या, तिच्या आईनं सायबाचा लाल कोट शिवला. नाटक वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका पोरीचं. ती सायबाच्या प्रेमात पडती, त्याला गडाची चोरवाट दावती, आन् तो त्याच वाटेनं पलटण घेऊन येतो.

जत्रेच्या संध्याकाळी पडद्यामागं जाऊन बघते तर काय, अरिबाच्या कामासाठी पुण्याची कुणी बाई नऊवारी नेसून तयार! अरिबा कोपऱ्यात उभी राहून गजरा सोडत व्हती.

"चार लोकं बोलाया लागली, आज्जी," अमृत पुटपुटला. "देवाची जत्रा, आन् मुसलमानाची पोर..."

"ती चार लोकं तिच्या दारी गेली व्हती, का तू गेला व्हतास रं?"

पडदा उघडायच्या आधीचा मानाचा नारळ आमच्या घरचा. थोरल्या बाईनंच फोडायचा. म्या तो पदरात गुंडाळला आन् पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. पेटीवाला मानसिंग सूर धरून दमला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. सरपंच हात जोडत आले.

"काकू, फोडा की!"

"फोडते. अरिबा गाणार असंल तर."

एकच गलका उठला. मागनं बायका ओरडल्या, "गाऊ द्या पोरीला!" पुण्याची बाई शहाणी. तिनं आपला शेला काढून अरिबाच्या खांद्यावर टाकला. म्या असा नारळ हाणला, पाणी सरपंचांच्या टोपीपतोर उडालं!

आन् काय गायली पोर! खालनं पलटण चढतीय, ही कड्यावर उभी. "माझीच वाट माझ्या घरावर आली" म्हणाली, तवा माझ्या अंगावर काटा आला. लाल कोटातला अमृत पुढचं बोलणं विसरून मागं सरला. तिनं कड्यावरनं उडी घेतली आन् सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या काही थांबंनात.

पडदा पडला तशी म्या आत गेले. अमृत हसत माझ्या पाया पडायला वाकला.

"आज्जी, माझं काम कसं झालं?"

जमीला आन् अरिबा समोरच व्हत्या. त्यांना ऐकू जाईल असंच म्या बोलले, "सायबाचं काम तुला करावंच लागलं न्हाई, अमृत. पडदा उघडायच्या आधीपासनं तू त्योच व्हतास. कोट काढ, जिनं शिवला तिच्या हातात दे. आन् पाया पडायचं तर आधी त्या पोरीच्या पड."