ओळंब्यातला गुडघा

डॉक्टरांना इस्पितळात पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. राग तर नव्हताच, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. गवंड्याचा ओळंबा कुणाची भीड धरत नाही; त्यांनी बसवलेला एकही गुडघा खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या रेषेतून सूतभर हलला नव्हता. ऑपरेशन झालं की ते आधी एक्स-रे बघत, मग पेशंट. पेशंट काय, आज ना उद्या शुद्धीवर येणारच.

मग ताईचे गुडघे गेले. उजवा जास्त, डावा त्याच्या मागोमाग. घरच्या माणसावर आपण सुरी धरू नये, असा त्यांच्या धंद्यात संकेत आहे. पण आई लवकर गेल्यावर डॉक्टरांना वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं, आणि साऱ्या जन्मात तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द काही निघाला नव्हता. पदवी मिळाली तेव्हा ती म्हणाली होती, “बरं, आता दाढी कर.” तो एक शब्द ऐकायचा म्हणून डॉक्टरांनी संकेत खुंटीला टांगला.

ताई फेंगडी होती. ती काय, सगळं घराणंच फेंगडं. वडील उभे राहिले की मधून मांजर आरामात जायचं. डॉक्टरांची जुनी विद्यार्थिनी आता त्याच इस्पितळात सर्जन होती. ती दबकत म्हणाली, “सर, ताईंच्या पायाला जन्मापासूनच बाक आहे. थोडा राखून बसवू या का? आतल्या स्नायूंना त्याचीच सवय आहे.”

“बाकच राखायचा तर मला कशाला बोलावलं?” ओळंबा म्हणाला.

उजवा गुडघा बसला. एक्स-रे इतका देखणा आला की डॉक्टरांनी तो परिषदेत पडद्यावर लावला. टाळ्या पडल्या. पाय कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही, पण सांगावंसं फार वाटत होतं.

इकडे जखम भरली, व्यायाम झाले, महिने लोटले, तरी ताईची काठी सुटेना. डॉक्टर भेटायला गेले की ती म्हणे, “परक्याचा पाय वाटतो रे. जिना उतरताना आतून ओढतो.”

“सवय होईल. हे बघ तरी,” डॉक्टर फोनमधला एक्स-रे पुढे करत. “किती सरळ आहे!”

“मी कुठं वाकडा म्हणतेय?”

कुरकुरणाऱ्या पेशंटांसाठी डॉक्टरांकडे एकच म्हण होती, नाचता येईना अंगण वाकडं. ताईपुढे ती चालेना. अंगण सरळ होतं, ते त्यांनीच केलं होतं, आणि ताईला नाचायचं नव्हतं. तिला खाली उतरून शेजारणीशी गप्पा मारायच्या होत्या.

डावा गुडघा अगदीच टेकीला आला तेव्हा ताईनं त्यांना समोर बसवलं. “हा मी तुझ्या विद्यार्थिनीकडून करून घेणार. ती बाक ठेवते म्हणाली.”

डॉक्टरांना लागलं. लहानपणी तिनं कान पिळला तरी एवढं लागलं नव्हतं. “ताई, माझं काय चुकलं?”

“चुकलं कुठं? तुझं कधी काही चुकत नाही, तेच तर.”

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर भिंतीला पाठ लावून हाताची घडी घालून उभे राहिले. घडी अशासाठी की हात आपोआप पुढे जाऊ नयेत. एक्स-रे आला. रेष गुडघ्याच्या मधून न जाता अंमळ बाजूनं गेली होती. असा एक्स-रे आणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी पूर्वी वर्गाबाहेर काढलं असतं.

दोन-तीन महिन्यांनी ते ताईकडे गेले तर ती चप्पल घालून जिन्याच्या तोंडाशी उभी. काठी कुठंच दिसेना. विचारू नये असं ठरवून आले होते, पण राहवलं नाही.

“ताई, खरं सांग. दोन्हींत चांगला कुठला?”

ताईनं खाली वाकून दोन्ही गुडघ्यांकडे नीट बघितलं. धाकट्या भावाचा चेहराही बघितला. तिला त्याची खरोखरच दया आली.

“फोटो तुझ्यासारखा कुणालाच जमायचा नाही रे,” ती अगदी मनापासून म्हणाली, आणि डाव्या पायावर भार देऊन जिना उतरू लागली.